कपभर अमोनिया आणि पुढची चार वर्षं

खरिपाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रापुढे रांग लागते ती बहुतेक वेळा युरियासाठी. पांढऱ्या दाण्यांची ४५ किलोची गोणी, तिच्यात ४६ टक्के नायट्रोजन; म्हणजे गोणीमागे वीस किलोंहून थोडा जास्तच. हा नायट्रोजन खाणीतून येत नाही. कारखान्याच्या आवारातली साधी हवा आत ओढून तो मिळवतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, पण पिकाला त्याचा थेट उपयोग शून्य. नायट्रोजनचे दोन अणू तिहेरी बंधानं एकमेकांना इतके घट्ट धरून बसतात की ते सुटे होता होत नाहीत, आणि सुटे झाल्याशिवाय झाडाच्या कामी येत नाहीत. हरभऱ्याच्या, तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हा बंध तोडतात. आकाशात कडाडणारी वीजही थोडाफार तोडते.

माणसाला हे काम स्वस्तात आणि टनावारी करता येऊ लागलं ते १९१३ पासून. त्याच्या चार वर्षं आधी, २ जुलै १९०९ रोजी, जर्मनीतल्या कार्ल्सरुहे इथल्या एका प्रयोगशाळेत पाऊण मीटर उंचीच्या उपकरणातून तासाला जेमतेम कपभर अमोनिया गळू लागला होता. शोध लागला आणि उद्योगानं तो उचलला, असं आपण सहज म्हणून जातो. तो कप आणि तो कारखाना यांच्या मधे काय काय घडलं ते इथे सावकाश पाहू. प्रयोगशाळेतलं संशोधन कारखान्यात नेमकं कसं उतरतं, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आधी गरज काय होती ते. १८९८ मध्ये ब्रिस्टल इथे ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून बोलताना विल्यम क्रुक्स या रसायनशास्त्रज्ञानं इशारा दिला होता, की गहू खाणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि जमिनीचा कस मात्र चिलीहून येणाऱ्या सोऱ्यावर टिकून आहे. आटाकामा वाळवंटातला हा सोरा जहाजं भरभरून युरोपात यायचा. या वाळवंटावरून चिली, पेरू आणि बोलिव्हिया यांच्यात १८७९ ते १८८४ असं युद्धही होऊन गेलं होतं. साठा आज ना उद्या संपणार हे उघड होतं, आणि सोरा नुसता शेतीला लागत नव्हता, दारूगोळ्यालाही लागत होता. हवेतला नायट्रोजन बांधून दाखवा, हे काम रसायनशास्त्रज्ञांचं आहे, असं क्रुक्स यांनी बजावलं. नॉर्वेत १९०५ च्या सुमारास विजेच्या प्रचंड ठिणगीत हवा जाळून नायट्रोजन बांधण्याचा कारखाना सुरूही झाला. पण ती रीत वीज इतकी खायची की धबधब्याशेजारीच परवडावी.

दुसरा रस्ता म्हणजे नायट्रोजन आणि हायड्रोजन थेट जोडून अमोनिया करणं. कागदावर हे समीकरण शाळकरी पोरालाही मांडता येतं. करून दाखवायला निघालेल्यांत विल्हेल्म ओस्टवाल्ड होते, त्या काळच्या रसायनशास्त्रातलं सगळ्यांत वजनदार नाव. १९०० मध्ये त्यांनी तापवलेल्या लोखंडावरून दोन्ही वायू सोडून अमोनिया मिळवल्याचं जाहीर केलं आणि शोध विकायला काढला. लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफ या रंग बनवणाऱ्या कंपनीनं तो तपासायचं काम पंचविशीतल्या एका नव्या माणसाकडे दिलं. त्याचं नाव कार्ल बॉश. बॉशनं प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा अमोनिया यायचा, पण थोडाच वेळ. मग बंद व्हायचा. कारण तो हवेतल्या नायट्रोजनपासून बनतच नव्हता. लोखंडात आधीपासून मुरलेला नायट्रोजन तेवढा बाहेर पडत होता. नवख्याच्या हाती काम दिल्यावर दुसरं काय होणार, असा सूर ओस्टवाल्ड यांनी लावला, पण शेवटी पेटंटचा अर्ज मागे घेतला. बॉशबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. रसायनशास्त्राआधी तो धातुशास्त्र आणि यंत्रशास्त्र शिकला होता आणि कार्यशाळेत हात काळे करून आला होता. पुढे सगळं याच्यावर अडलं आणि याच्यामुळेच सुटलं.

आता कार्ल्सरुहेकडे. तिथल्या तंत्रविद्यालयात शिकवणाऱ्या फ्रिट्झ हाबर यांच्याकडे व्हिएन्नातल्या दोन उद्योजक भावांनी हाच प्रश्न आणला होता: अमोनिया थेट करता येतो का? हाबर यांनी साधारण १००० अंश सेल्सिअसला वायू लोखंडावरून सोडून पाहिले. उत्तर आलं ते निराश करणारं. मिश्रणात अमोनिया भरला अवघा ०.००५ ते ०.०१२ टक्के. १९०५ मध्ये त्यांनी आकडा छापला आणि विषय जवळजवळ मिटवला.

मूळ अडचण अशी आहे. अमोनिया बनताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे जितकं तापवाल तितका बनलेला अमोनिया पुन्हा मोडतो. थंड ठेवलं तर मोडत नाही, पण मग मुळात बनायलाच युगं लागतात, कारण नायट्रोजनचा तिहेरी बंध तुटत नाही. गरम केलं तर टिकत नाही, थंड ठेवलं तर बनत नाही. या कोंडीतून सुटायचे दोनच मार्ग. पहिला दाबाचा. नायट्रोजनचं एक आणि हायड्रोजनची तीन अशी चार मापं मिळून अमोनियाची दोन मापं होतात, म्हणजे अमोनिया कमी जागा घेतो. मिश्रण जोरात दाबलं की तोल अमोनियाच्या बाजूला झुकतो. दुसरा मार्ग उत्प्रेरकाचा, म्हणजे स्वतः न संपता क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाचा. तो चांगला मिळाला तर कमी तापमानावर काम भागतं.

हे सूत्र तेव्हाही माहीत होतं. मग दाबाकडे फारसं कुणी वळलं का नाही? कारण शंभर-दोनशे वातावरणांच्या दाबाखाली लालबुंद तापलेल्या भांड्यातून वायू सतत वाहता ठेवणं हे रसायनशास्त्रज्ञाला आपलं काम वाटत नव्हतं. हाबर यांना तिकडे ढकललं ते एका भांडणानं. बर्लिनच्या वॉल्टर नेर्न्स्ट यांच्या नव्या सिद्धांतात हाबर यांचा आकडा बसत नव्हता. नेर्न्स्ट यांनी दाबाखाली मोजमाप करून घेतलं आणि १९०७ मध्ये हॅम्बुर्गच्या परिषदेत भर सभेत सांगितलं, की हाबर यांचा आकडा फार मोठा आहे, खरा अमोनिया त्याहूनही कमी मिळतो. मुद्द्यात नेर्न्स्ट बरोबर होते. पण हा घाव हाबर यांना फार लागला आणि त्यांनी मोजमाप पुन्हा हाती घेतलं, या वेळी दाबाखाली. नेर्न्स्ट तिथेच थांबले, हाबर पुढे गेले. माणसाचा दुखावलेला अभिमान विज्ञानाला कधी कधी असा कामी येतो.

या कामात त्यांचा जोडीदार होता जर्सी बेटावरचा रॉबर्ट ल रॉसिन्यॉल. याचं नाव शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही आणि ते मला नेहमी खटकतं. कारण दोनशे वातावरणांना न गळणारी, हातानं बारीक फिरवता येणारी झडप त्यानं स्वतः घडवली. ती नसती तर बाकीचं सगळं कागदावरच राहिलं असतं. हिशेब असा होता: ६०० अंशांच्या आसपास आणि २०० वातावरणांच्या दाबाखाली आठ टक्क्यांच्या आसपास अमोनिया मिळू शकतो. म्हणजे एका फेरीत ९२ टक्के वायू तसाच परत येणार. इथे हाबर यांनी खरी उद्योगाच्या कामाची युक्ती काढली. एका फेरीत किती मिळतं याची चिंता सोडा; मिश्रण दाबाखालीच गोल फिरवत ठेवा, वाटेत थंड करून तयार झालेला अमोनिया तेवढा द्रवरूपात काढून घ्या, उरलेलं पुन्हा आत पाठवा आणि जेवढं काढलं तेवढी ताजी भर घाला. रहाटगाडग्याचा प्रत्येक पोहरा थोडंच पाणी आणतो, पण गाडगं थांबत नाही म्हणून मळा भिजतो. शिवाय बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या उष्णतेवर आत जाणारा थंड वायू तापवून घेतला.

उत्प्रेरक मिळाला ऑस्मियम. हाबर एका बल्ब बनवणाऱ्या कंपनीचे सल्लागार होते, तिच्याकडे दिव्याच्या तारेसाठी हा दुर्मीळ धातू होता. बीएएसएफशी करार १९०८ मध्येच झाला होता. २ जुलै १९०९ ला कंपनीतर्फे प्रात्यक्षिक पाहायला बॉश आणि आल्विन मिटाश आले. सांगतात की ऐन वेळी आवळताना एक बोल्ट उडाला आणि सगळं काही तास खोळंबलं. बॉश निघून गेला, मिटाश थांबला. संध्याकाळी नळीतून द्रव अमोनिया थेंब थेंब पडताना त्यानं पाहिला. 

विज्ञानाचा भाग इथे संपला असं म्हणायला हरकत नाही. आठ टक्के मिळतो, सतत मिळतो, रीत सिद्ध झाली. आता हीच गोष्ट हजारो पटींनी मोठी करायची, एवढंच. पण मोठी करायला घेतली तेव्हा तीन प्रश्न पुढे आले आणि तिन्हींचं उत्तर हाबर यांच्याकडे नव्हतं.

पहिला प्रश्न उत्प्रेरकाचा. बीएएसएफनं हाबर यांच्या सांगण्यावरून बाजारात मिळेल तेवढं ऑस्मियम विकत घेतलं. ते भरलं सुमारे शंभर किलो, आणि जगात मिळण्यासारखं होतं त्यातलं बहुतेक एवढंच! एवढ्यावर खताचा धंदा उभा राहत नाही. वर ऑस्मियमचा हवेशी संबंध आला की त्याचा विषारी ऑक्साइड उडून जातो. मिटाशनं मग छोट्या छोट्या दाबभट्ट्यांची रांगच उभी केली. प्रत्येकीत दोन-दोन ग्रॅम पदार्थ भरलेली नळी सरकवायची, मोजायचं, काढायचं, दुसरी घालायची. कुठल्याही सिद्धांताच्या आधारे चालण्याची सोय नव्हती, कारण उत्प्रेरक का चालतो हे कुणालाच माहीत नव्हतं. नोव्हेंबर १९०९ मध्ये स्वीडनच्या गॅलिव्हारे खाणीतल्या लोहखनिजाचा एक नमुना अनपेक्षितपणे फारच चांगला निघाला. शुद्ध लोखंड मात्र फुसकं ठरत होतं. मिटाशला शंका आली, की काम करतोय तो त्या खनिजातला मळ. मग शुद्ध लोखंडात एकेक पदार्थ मुद्दाम मिसळून पाहायला सुरुवात झाली. १९१२ पर्यंत अडीच हजार मिश्रणं तपासून झाली आणि साडेसहा हजारांवर चाचण्या झाल्या. जे हाती आलं ते असं: लोखंड, त्यात थोडा ॲल्युमिनियमचा ऑक्साइड, थोडं पोटॅशियम, थोडा चुना. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड लोखंडाचे बारीक कण उष्णतेनं एकमेकांना चिकटून गोळा होऊ देत नाही, पोटॅशियम नायट्रोजनचा बंध ढिला करायला मदत करतं. हे कारण पुष्कळ नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं होतं, की हे चालतं आणि स्वस्त आहे.

या हजारो चाचण्यांतून आणखी एक यादी तयार झाली, ती विषांची. वायूत गंधक नावापुरतं जरी आलं तरी उत्प्रेरक मरतो. क्लोरीन, फॉस्फरस, कार्बन मोनॉक्साइड यांचंही तेच. प्रयोगशाळेत शुद्ध वायू बाटलीतून येतो, तिथे हा प्रश्न दिसतही नाही. कारखान्यात वायू कोळशापासून येतो आणि कोळशात गंधक असतंच.

दुसरा प्रश्न पोलादाचा, आणि यात बॉशचं धातुशास्त्र पणाला लागलं. पहिल्या मोठ्या दाबनळ्या उत्तम जर्मन पोलादाच्या होत्या, जाड भिंतीच्या, बाहेरून तापवलेल्या. दाब सहन होईल एवढा हिशेब करूनच बनवलेल्या. सुमारे ८० तास चालल्या आणि फुटल्या. सुदैवानं त्या काँक्रीटच्या कोठडीत ठेवल्या होत्या. बॉशनं फुटलेली नळी कापली, तुकडा घासून चकचकीत केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन. हा कार्बन त्यात विशिष्ट पट्ट्यांच्या रूपात असतो आणि त्यानंच पोलादाला ताकद येते. नळीच्या आतल्या बाजूला या पट्ट्या गायब झाल्या होत्या आणि धातूत बारीक भेगा पडल्या होत्या.

आधी नायट्रोजनवर संशय गेला. खरा गुन्हेगार निघाला हायड्रोजन. हा सगळ्यांत हलका वायू तापलेल्या धातूत घुसतो, आतल्या कार्बनशी जोडला जाऊन मिथेन बनवतो. मिथेनचा रेणू मोठा, तो धातूतून बाहेर निघू शकत नाही. आतच दाब वाढत जातो आणि धातू आतून फुटतो. म्हणजे ज्या कार्बनमुळे पोलाद मजबूत, तोच कार्बन हायड्रोजन चोरून नेतो. जाडी वाढवून उपयोग नाही. थोडा वेळ जास्त टिकेल इतकंच. कार्बन नसलेलं मऊ लोखंड वापरलं तर हायड्रोजनला चोरायला काही उरत नाही, पण मऊ लोखंड दोनशे वातावरणांपुढे टिकणार नाही. 

१९११ मध्ये बॉशनं जे केलं ते वाचताना सोपं वाटतं. त्यानं दोन्ही कामं वेगळी केली. आत मऊ लोखंडाचं पातळ अस्तर, त्याला बाहेरून घट्ट बसणारी जाड पोलादी नळी. हायड्रोजनशी गाठ अस्तराची, दाबाशी गाठ पोलादाची. अस्तरातून थोडा हायड्रोजन झिरपणारच. तो मधे साचून पोलादावर हल्ला करू नये म्हणून बाहेरच्या पोलादी भिंतीला बारीक बारीक भोकं पाडली. दोनशे वातावरणांच्या भांड्याला मुद्दाम भोकं पाडायची, हे सांगायला धाडस लागतं. पण भोकांवर अस्तर होतं, दाब अस्तरातून पोलादावर जात होता, आणि झिरपलेला हायड्रोजन या भोकांतून साध्या हवेत निघून जात होता. नुकसान नगण्य. नळ्या फुटायच्या थांबल्या. पुढे बाहेरून तापवणंही सोडून दिलं. क्रिया उष्णता देतेच, ती आतच जपून वापरली की बाहेरची भिंत थंड राहते आणि पोलादाचं आयुष्य वाढतं.

तिसरा प्रश्न हायड्रोजनचा. त्याच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं, पण खर्चाचा सगळ्यांत मोठा वाटा याचा. नायट्रोजन हवा द्रवरूप करून मिळत होता; कार्ल लिंडे यांची ती रीत तयारच होती. हायड्रोजन मात्र टनावारी आणि स्वस्त हवा. लाल तापलेल्या कोकवर पाण्याची वाफ सोडली की हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचं मिश्रण मिळतं. यातला मोनॉक्साइड उत्प्रेरकाला विष. त्याच्यावर आणखी वाफ सोडून त्याचं कार्बन डायऑक्साइड करायचं, म्हणजे जादा हायड्रोजनही मिळतो. मग दाबाखाली पाण्यात तो डायऑक्साइड विरघळवून काढायचा. तरीही मोनॉक्साइडचा मागमूस उरतो. तो तांब्याच्या द्रावणात शोषून घ्यायचा. ते द्रावण पोलादी टाक्याच खाऊ लागलं. त्यात अमोनिया मिसळल्यावर हे खाणं थांबलं. प्रत्येक टप्प्यावर असं काही ना काही.

शिवाय दोनशे वातावरणांना दिवसरात्र चालणारे कॉम्प्रेसर कुठे होते? हवा द्रवरूप करणाऱ्या कारखान्यांतली लहान यंत्रं दिवसभर चालवून थांबवायची सवय. इथे थांबणं परवडणारं नव्हतं. थांबलं की भट्टी थंड, पुन्हा तापवायला वेळ. वायूत ऑक्सिजन किती शिरला हे तत्काळ दाखवणारी उपकरणं, गळती लागताच बंद होणाऱ्या झडपा, जोड आवळणारे कुशल फिटर, हे सगळं नव्यानं उभं करावं लागलं. 

एवढा पैसा आणि इतका धीर एका रंगाच्या कंपनीकडे आला कुठून? याचं उत्तर निळीत आहे. बीएएसएफनं कृत्रिम नीळ बाजारात आणायला साधारण सतरा वर्षं घालवली आणि एक कोटी ऐंशी लाख मार्क ओतले, तेव्हा कुठे १८९७ मध्ये ती विकायला निघाली. त्या निळीनं पुढे बिहारमधल्या निळीच्या मळ्यांची कंबर मोडली. चंपारणच्या सत्याग्रहाच्या मागे हेही आहे. कंपनीला त्यातून पैसा मिळाला आणि एक सवय लागली, की प्रयोगशाळेतला शोध लगेच पैसे देत नाही आणि म्हणून सोडूनही द्यायचा नसतो. शंभर वातावरणांचं नाव ऐकून कंपनीतले एक वरिष्ठ हादरले होते. त्यांच्याकडे सात वातावरणांचंही भांडं नुकतंच फुटलं होतं. निर्णय बॉशच्या शब्दावर झाला. पोलादाचा धंदा आतून पाहिलेला माणूस म्हणतो जमेल, तर जमेल.

पेटंटवरही हल्ला झालाच. १९१२ मध्ये लाइपझिगच्या न्यायालयात प्रकरण गेलं तेव्हा हाबर यांच्या बाजूनं बोलायला उभे राहिले ते वॉल्टर नेर्न्स्ट. तोवर कंपनीनं त्यांना मानधन ठरवून दिलं होतं, हेही सांगायला हवं.

मे १९१२ मध्ये लुडविग्सहाफेनजवळ ओपाऊ इथे बांधकाम सुरू झालं आणि ९ सप्टेंबर १९१३ ला कारखाना चालू झाला. क्षमता दिवसाला तीस टन अमोनियाची. त्याचं अमोनियम सल्फेट करून शेतकऱ्याला विकायचं, असा बेत.

वर्षभरात महायुद्ध पेटलं. इंग्लंडच्या आरमारानं चिलीचा सोरा अडवला आणि जर्मनीत दारूगोळ्याला नायट्रेट कमी पडू लागलं. बॉशनं अमोनियापासून नायट्रिक आम्ल करून देण्याचं सरकारला कबूल केलं; मे १९१५ पासून ओपाऊचा अमोनिया त्या कामाला लागला आणि १९१७ मध्ये लॉयना इथे दुसरा प्रचंड कारखाना उभा राहिला. हे कारखाने नसते तर जर्मनीला इतकं लांब लढता आलं नसतं, असं बहुतेक इतिहासकार मानतात. हाबर यांनी त्याच काळात बेल्जियममधल्या ईप्र इथे एप्रिल १९१५ मध्ये क्लोरीन वायूच्या हल्ल्याची सूत्रं हाती घेतली, आणि १९१८ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल अमोनियासाठी त्यांनाच मिळालं. बॉशला नोबेल १९३१ मध्ये मिळालं, उच्च दाबाच्या तंत्रासाठी. शोधाला आणि शोध कारखान्यात उतरवण्याला वेगवेगळं नोबेल, असं फार क्वचित घडलं आहे. २१ सप्टेंबर १९२१ ला ओपाऊतच खताच्या सुमारे साडेचार हजार टनांच्या ढिगात स्फोट झाला आणि पाचशेहून अधिक माणसं गेली. घट्ट बसलेला ढीग फोडायला सुरुंग लावायची तिथे रीत होती.

पुढची वाट वेगानं सरळ होत गेली. कोकच्या जागी नैसर्गिक वायू आला, कारण त्यात हायड्रोजन जास्त आणि गंधक काढणं सोपं. साठच्या दशकात मोठे टर्बाइनवर फिरणारे कॉम्प्रेसर आले आणि एकाच भट्टीतून दिवसाला हजार टन निघू लागले. भारतात सिंद्रीचा कारखाना १९५१ मध्ये, मुंबईत ट्रॉम्बेचा १९६५ मध्ये सुरू झाला. ट्रॉम्बेचा पुढे १९७८ मध्ये राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सकडे आला. याच कंपनीचा अलिबागजवळच्या थळचा कारखाना उभा राहिला तो मुंबई हायच्या वायूच्या भरवशावर. तिथे जे चालतं त्याचा सांगाडा बॉशचाच आहे: वायूवर वाफ सोडून हायड्रोजन, मोनॉक्साइडचं डायऑक्साइड, तो काढून टाकणं, दाबणं, लोखंडावरून फिरवणं, थंड करून अमोनिया काढणं. काढलेला डायऑक्साइड वाया जात नाही. तोच पुन्हा अमोनियाशी दाबाखाली जोडला की युरिया तयार होतो. म्हणून अमोनिया आणि युरिया यांचे कारखाने एकाच कुंपणात दिसतात.

आज जगातल्या माणसांच्या अन्नातल्या नायट्रोजनपैकी निम्म्याच्या आसपास या रीतीतून आलेला आहे, असा अंदाज आहे. जगात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेतला एक-दोन टक्के भागही हीच खाते. आणि शेतात टाकलेला सगळा युरिया पिकाच्या पोटी जात नाही. उरलेला विहिरीच्या पाण्यात आणि हवेत जातो. हा वेगळा आणि मोठा विषय आहे.

लोखंड नायट्रोजनचा बंध नेमका कसा तोडतं, हे सिद्ध व्हायला मात्र सत्तरचं दशक उजाडावं लागलं. गेरहार्ड एर्टल यांनी जवळजवळ पूर्ण निर्वातात लोखंडाच्या स्वच्छ स्फटिकावर एकेक पायरी मोजून दाखवली: नायट्रोजन पृष्ठभागावर बसतो, दोन अणू सुटे होतात, ही सगळ्यांत मंद पायरी, मग हायड्रोजनचे अणू एकेक करून चिकटतात. त्यांना २००७ मध्ये नोबेल मिळालं. ही पायरी कळेपर्यंत मिटाशचं मिश्रण साठ-सत्तर वर्षं कारखान्यांत जळत्या भट्टीत बसून होतं आणि त्याच्या कारभारात कुणाला काही कमी वाटलं नव्हतं.

समजल्यानंतर ते बदललं का? फारसं नाही. रुथेनियम हा धातू लोखंडाहून चांगला चालतो, कमी दाबावर काम भागवतो. १९९२ मध्ये कॅनडात किटिमॅट इथे त्यावरचा कारखाना सुरूही झाला. पण रुथेनियम महाग. लोखंडाचं मिश्रण एकदा भरलं की दहा-पंधरा वर्षं चालतं आणि त्याची किंमत कारखान्याच्या हिशेबात जाणवत नाही. आता सौर विजेवर पाणी फोडून हायड्रोजन करायचा आणि त्यापासून अमोनिया, असे प्रकल्प भारतातही आखले जात आहेत. त्यात लोखंडाला हात लावायचं कारण नाही, बदलणार आहे तो बॉशचा तिसरा प्रश्न, हायड्रोजनचा. अडचण पुन्हा कागदाबाहेरची आहे: सूर्य मावळला की वीज कमी पडते, आणि ही भट्टी रोज संध्याकाळी मंद करायची नि सकाळी चढवायची म्हटलं तर उत्प्रेरक आणि पोलाद दोन्हींवर ताण येतो. म्हणून या प्रकल्पांत हायड्रोजन साठवायच्या टाक्या किती मोठ्या ठेवायच्या आणि भट्टी किती हळू खाली आणायची, यावर सध्या इंजिनिअर मंडळी डोकं खपवत आहेत.